नदीपलीकडचा काका

सिटी बसचे ड्रायव्हर होते ते, आणि डेपोत त्यांचं नाव पडलं होतं ‘सबुरी’. मागून कितीही हॉर्न वाजोत, गडी आपल्याच चालीनं गाडी काढणार. संसारही त्यांनी त्याच चालीनं हाकला. लग्न उशिरा, घर उशिरा, आणि आपल्या वाडवडिलांचा शोध तर थेट निवृत्तीनंतर.

वडिलांनी मरेपर्यंत याबाबत कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. “मागचे सगळे मातीत गेले, तुम्ही पुढचं बघा,” म्हणून विषय तोडायचे. आईकडून एवढंच कळलं होतं, की वडिलांना एक धाकटा भाऊ होता आणि आजोबांना पुरलं त्याच दिवशी दोघांचं बिनसलं. वडील घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला आले ते कायमचेच.

त्यांची थोरली बहीण, ताई, मात्र त्यांच्या मागे हात धुऊन लागली होती. “अरे, काका असेल अजून. माणसं आहेत तोवर विचारून घे. नंतर काय दगडांशी बोलणार आहेस?”

“रिटायर झालो की बघू, ताई.”

निवृत्त झाल्यावर ते खरंच निघाले. एकेका चर्चचे उंबरे झिजवले. एका ठिकाणी बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या वाळवीनं फस्त केलेल्या. दुसऱ्या ठिकाणी दफनभूमीवरून रस्ताच गेलेला. तिसऱ्या चर्चमधले म्हातारे फादर आडनाव ऐकून विचारात पडले. “नदीपलीकडच्या चर्चमागे या आडनावाची एक कबर पाहिल्यासारखी वाटते. जाऊन तर बघा.”

त्या चर्चच्या फाटकाशी आले आणि त्यांचे पायच थबकले. समोर बसथांबा होता. त्यांच्याच रूटवरचा. कित्येक वर्षं रोज इथे गाडी उभी केली होती. या भिंतीआड काय आहे, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

आत तण माजलं होतं, क्रूस कलले होते. कोपऱ्यातली एकच कबर नीट चुना दिलेली, कडेनं माती सारखी केलेली. दगडावर आजोबांचं नाव, आडनाव, खाली आजीचं. आजीचं नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. तेच नाव वडिलांनी हट्टानं ताईला ठेवलं होतं.

आवार झाडणारी बाई जवळ आली. “कोण तुम्ही?”

“नातू. यांचा.”

बाईनं झाडू खाली ठेवला. “म्हणजे थोरल्या भावाचे का? तुमचे काका दर रविवारी बादली घेऊन यायचे. म्हणायचे, भाऊ नाही आला तरी त्याची पोरं येतील, त्यांना कबर सापडली पाहिजे.”

“कुठे राहतात ते?”

बाईनं पलीकडे बोट दाखवलं. मातीचा उंचवटा अजून बसलेला नव्हता. लाकडी क्रूसावर रंगानं नाव लिहिलेलं. “थंडीत गेले. लग्न केलं नव्हतं त्यांनी. चर्चच्याच माणसांनी खांदा दिला.”

“यायचे कसे इथवर?” त्यांनी विचारलं. नजर फाटकाबाहेरच्या थांब्याकडे गेली होती.

“बसनं. गुडघे धरून चढायचे बिचारे.”

ते तिथेच खाली बसले. गाडीच्या आरशात दिसलेले सगळे म्हातारे आठवून पाहिले. टोपीवाला, छत्रीवाला, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडणारा. एकाचाही चेहरा वडिलांसारखा आठवेना.

पुढच्या रविवारी ताईला घेऊन गेले. ती बोलेल, ओरडेल, म्हणून मनाची तयारी केली होती. तिनं नुसता पदर खोचला आणि ताज्या मातीवरचं गवत उपटायला बसली.

“दगड बसवू या,” ते म्हणाले. “पण वर काय लिहायचं?”

“आमचे काका, असं लिही.”

“तसं म्हणायला तोंड आहे का आपल्याला?”

“नाही. तरी लिही.”

जाताना ताईनं झाडणाऱ्या बाईला गाठलं. “भांडण कशावरून झालं होतं, बोलले होते का कधी?”

“मी विचारलं होतं एकदा,” बाई म्हणाली. “हसले. म्हणाले, आता मलाही नीट आठवत नाही; भावाला आठवत असेल.”