बोळातले अठरा ठिपके

कलकत्त्यातले माझे शेवटचे तीन दिवस उरले होते. नकाशांच्या ऑफिसात वर्षभर ट्रेनिंग झालं, शहराचे कितीतरी बोळ शाईने काढले... पण पायी फारसे पाहिले नव्हते. हॉस्टेल, ट्राम आणि ड्रॉइंगचं टेबल, एवढंच.

शिल्लक रजा घेतली. गुरुवारी होडीने हावड्याला जाऊन आले. शुक्रवारी भवानीपूरला गोखले काकूंकडे, चैत्रातल्या हळदीकुंकवाला. त्यांचा पत्ता आईने वर्षापूर्वीच दिला होता... मी जायचं टाळलं होतं.

काकू ट्रामच्या स्टॉपवर घ्यायला आल्या आणि एका बोळात वळल्या. मी थांबले. म्हटलं, इथून वाट नाही, पुढे भिंत आहे. ते शीट मीच काढलं होतं.

"अगं, लग्न होऊन आले तेव्हापासून इथूनच जाते मी," काकू म्हणाल्या. "तुझ्या नकाशाला कुणी सांगितलं नाही वाटतं?"

वाट होती. जुन्या नोंदवहीतली दाराची खूण मी भिंत समजले होते आणि रेघ जोडून टाकली होती. शीट सोमवारी छपाईला जाणार होतं. माझा ट्रेनिंगचा दाखला शनिवारी मिळणार होता, आणि पुण्याची नोकरी त्या दाखल्यावर होती. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं...

काकूंकडे आणखी तीन मराठी बायका होत्या. माझ्या हातातलं पन्हं तसंच राहिलेलं पाहून काकूंनी विचारलं, आणि मी सांगून टाकलं. एरवी सांगत नाही. नुसती चूक कळवून भागणार नव्हतं, मापंही द्यायला हवी होती.

काकूंनी शिवणाच्या मशीनच्या खणातून टेप काढली. मी ती पर्समधल्या फुटपट्टीशी ताडून पाहिली. साठ इंचांची टेप ताणून तीन अष्टमांश इंच वाढली होती. तेवढं हिशेबात धरायचं ठरवलं.

आम्ही पाचही जणी बोळात गेलो. खडू नव्हता. म्हणून दर टेपेला काकू भिंतीवर कुंकवाचं बोट लावत गेल्या. एकीचा आकडा सुनेच्या गोष्टी सांगताना चुकला, म्हणून सगळं दोनदा मोजलं. अठरा ठिपके, म्हणजे नव्वद फूट आणि वर पावणेसात इंच.

समोरच्या खिडकीतून एका बंगाली आजींनी विचारलं, कसली पूजा आहे. काकूंनी बंगालीत शांतपणे सांगितलं, रस्त्याची. आजींनी हात जोडले आणि भिंतीला टेकवलेली नातवाची सायकल आत घ्यायला लावली.

शनिवारी हेड ड्राफ्ट्समन दत्तबाबूंपुढे शीट आणि मापांचा कागद ठेवला. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग ब्लेड पुढे केलं... चुकीची रेघ तुम्हीच खरवडा. मी खरवडली. नंतर त्यांनी कागदावरच्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. टेप धरणाऱ्यांची नावं. त्याशिवाय माप धरत नाहीत.

मला एकीचंही नाव माहीत नव्हतं. गोखले काकू, बँकेतल्या काकू, वरच्या मजल्यावरच्या काकू... आणि चौथ्यांना तर मी नुसतंच "अहो" म्हटलं होतं.

ऑफिस दोनला बंद होणार होतं. ट्रामने पुन्हा भवानीपूर गाठलं आणि दारोदार जाऊन नावं विचारली. सुशीला. कमल. इंदुमती. चौथ्या बाईंनी आधी यजमानांचं नाव सांगितलं. मी म्हटलं, टेप तुम्ही धरली होती. मग त्या म्हणाल्या, "वेणू लिही."

दीडला परत पोचले. दाखल्यात दत्तबाबूंनी माझी चूक लिहिली, आणि ती मीच दाखवून दिली हेही लिहिलं. पुण्याची नोकरी हातची गेली नाही.

नकाशावर ही नावं छापली जात नाहीत. ऑफिसच्या नोंदवहीत मात्र ती कायम राहतात. माझं अक्षर बरं आहे, तरी ती चार मी नेहमीपेक्षा सावकाश लिहिली... समोर असताना आभार मानायला मला जमलं नाही. इथे मानते.