मावशीचा पायगुण

विद्यापीठाच्या जिमखान्यात बॉल, नेट आणि जर्सी सांभाळणारी मावशी फाटक्या तोंडाची होती. जर्सी मळवून आणली की आमच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि मग तीच ती घासून घासून धुवायची. पण आम्हा मुलींची व्हॉलीबॉलची मॅच बघायला मात्र ती कधी यायची नाही. फार पूर्वी एकदा आली होती, नेमकी तेव्हाच टीम हरली. तेव्हापासून मॅचची शिट्टी वाजली की मावशी स्टोअररूममध्ये भिंतीकडे तोंड करून बसायची. नंतर निकालही विचारायची नाही. विचारलं तरी नजर लागते म्हणे!

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी आमची मॅच होती. कॅप्टननं तिला हाताला धरून ओढत आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. आम्ही सपाटून मार खाल्ला.

मावशीनं डोळ्यांना रुमाल लावला. "तरी सांगत होते, माझा पायगुणच वाईट!"

"काहीतरीच काय, मावशी," कॅप्टन म्हणाली. "आपण दरवर्षी अशाच हरतो."

मावशीनं रुमाल खाली घेतला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं, भवान्यांनो? इतकी वर्षं नुसती भिंत बघत बसले की मी!"