नकार मोजणारे नाखवा

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो तेव्हा मध्येच तुमचं चित्र थिजलं. आवाज येत होता. पडद्यावर मेमरी मिळाली नाही अशा अर्थाची काहीतरी ओळ आली होती आणि रेवा ती मला वाचून दाखवत होती. तेवढ्यात ईशान म्हणाला, "अगं, वाचत काय बसलीस? बंद करून चालू कर." तिने तसं केलं आणि पाच मिनिटांत तुम्ही दोघं हसत परत समोर आलात. तुमच्या लेखी गोष्ट तिथे संपली. मला मात्र तेव्हापासून नाखवा आठवत आहेत. त्यांना ओळखणारे आम्ही आता मोजकेच उरलो आहोत, म्हणून हे लिहायला घेतलं.

मोरेश्वर नाखवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. ऐंशीच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कंपनीत आम्ही बरोबर काम करत होतो. कंपनी कारखान्यांसाठी कॉम्प्युटर बनवायची. मी इंग्रजीची एम.ए., म्हणून माझं काम त्या मशीनची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. नाखवा इंजिनीयर. पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमची ही जास्तीची खुर्ची नेऊ का? नाही म्हणालात तरी चालेल, पण मोठ्यानं म्हणा." मी नुसतं हसले. ते तसेच उभे. "हसण्याचा अर्थ मी काय लावायचा? हो की नाही?" शेवटी मी "न्या हो!" असं जवळजवळ ओरडले, तेव्हा कुठे त्यांनी खुर्ची उचलली.

त्यांचं सगळ्याच बाबतीत असं होतं. डब्यात सुकट असली की झाकण उघडण्याआधी चौकशी व्हायची. "वास सहन होत नसेल तर सांगा. मनात कुढू नका, मी जिन्यात बसून खाईन." आवाज होडीतून किनाऱ्यावर हाक मारणाऱ्याचा. साहेबांच्या केबिनमधलं त्यांचं खाजगी बोलणं आम्हाला बाहेर बसून ऐकू यायचं.

या सवयीचं मूळ त्यांच्या कामात होतं. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो अगदी आतला गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. यंत्रातली मेमरी कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायची हे तो ठरवतो. मेमरी शिल्लक नसेल तर मागणाऱ्याला तो शून्य परत देतो. शून्य म्हणजे नाही. माझ्या डोक्यात हे शिरेना, तेव्हा नाखवांनी मला बर्फाच्या कारखान्यात नेलं, म्हणजे बोलण्यातून.

"बाई, होडी लागली. मी बर्फवाल्याकडे बर्फ मागितला. तो म्हणाला, संपला. आता मासळीचं काय करायचं ते ठरवायला नको? आमचा प्रोग्रॅम काय करतो माहितीये? बर्फवाल्याचं ऐकतच नाही. मासळी उन्हात ओततो आणि चालायला लागतो. संध्याकाळी वास सुटला की सगळे विचारणार, कोणी केलं?"

म्हणून कर्नलने नाही म्हटलं की ते नाही कुठेतरी उमटलंच पाहिजे, अशी सोय त्यांनी केली. प्रत्येक नकाराला शेजारच्या प्रिंटरवर एक ओळ छापली जायची आणि आतला एक आकडा वाढायचा.

आमचं एक मशीन डोंबिवलीच्या एका रसायनांच्या कारखान्यात बसलं होतं. तिथल्या मोठ्या बंद भांड्याचं तापमान ते पडद्यावर दाखवायचं आणि तापमान चढलं की अलार्म द्यायचं. त्याच्यापुढे बसणाऱ्या ऑपरेटरांत जनार्दन होता, नाखवांच्या धाकट्या बहिणीचा, शेवंतीचा नवरा. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा जनार्दनने होडी विकली आणि नाखवांनीच शब्द टाकून त्याला तिथे लावलं. "माझं मशीन, माझा मेव्हणा. दोघांची जबाबदारी माझ्यावर," असं ते सुरुवातीला मोठ्या ऐटीत सांगायचे.

नकार छापायची सोय त्या मशीनवर चढली आणि प्रिंटर खडखडायला लागला. मशीन काही दिवस सलग चाललं की कुठला तरी भाग मेमरी घ्यायचा आणि परत करायचा नाही. मग अलार्मच्या संदेशालाच जागा मिळेना. संदेश गळून जायचा आणि पडद्यावर जुनंच तापमान स्थिर दिसत राहायचं. पाहणाऱ्याला वाटावं, सगळं आलबेल आहे. मशीन बंद करून चालू केलं की मेमरी मोकळी व्हायची आणि दोष पुन्हा लपायचा.

कारखान्याची तक्रार आली ती वेगळीच. आमचे सबनीस साहेब कागद हलवत बाहेर आले. "नाखवा, हे मशीन आहे की तक्रारपेटी? ते म्हणतायत, आधी उत्तम चालत होतं, तुमच्या माणसाने येऊन बिघडवलं."

"साहेब, आधीही बिघडलेलंच होतं. फक्त कळत नव्हतं."

"मग न कळू दे ना! मेसेज काढून टाक."

"आणि अलार्म गळला तर? तिथे माणसं बसतात, साहेब."

"तुझा मेव्हणा बसतो, म्हणून एवढा जीव खालीवर होतोय."

नाखवांनी एरवी यावर सबंध मजला हादरवला असता. त्या दिवशी हळू आवाजात एवढंच म्हणाले, "हो, बसतो."

मी माहितीपुस्तकात एक पान लिहिलं होतं. अशी ओळ छापली गेली तर पडद्यावर विसंबू नका, भांड्यावरच्या तापमापकाचा काटा स्वतः जाऊन पाहा. सबनीसांनी ते पान काढलं. "बाई, गिऱ्हाईक आपलं मशीन घेणार आणि आपणच त्याला लिहून देणार, विश्वास ठेवू नका?"

शेवटी तडजोड झाली. ओळी छापणं बंद, पण आत नकारांचा आकडा वाढत राहील, पाहिजे तेव्हा पडद्यावर मागवून बघता येईल. नाखवांनी मान्य केलं. दोष नेमका कुठे आहे ते शोधायला त्यांना वेळ हवा होता. त्यानंतरचे आठवडे मी त्यांना शांत बसलेलं पाहिलं नाही. कोण मेमरी घेऊन परत करत नाही हे शोधत ते प्रोग्रॅमचे कागद जमिनीवर पसरून रांगत असायचे. जेवणाचा डबा तसाच घरी जायचा. जनार्दनला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "पडद्याकडे बघू नकोस. उठून काटा बघत जा. लोक हसले तर हसू देत."

लोक हसलेच. जनार्दनला तिथे काटेवाला म्हणायला लागले.

मग एका दुपारी शेवंतीचा फोन आला. जनार्दनने काटा चढलेला पाहिला होता. पडद्यावर तापमान स्थिर होतं, अलार्म नव्हता. त्याने सगळ्यांना बाहेर पळायला सांगितलं आणि हाताने वाफेची झडप उघडली. भांडं फुटलं नाही, बाकी कोणाला खरचटलंही नाही. पण वाफ त्याच्या अंगावर आली, छातीत गेली. त्याला दवाखान्यात नेलं होतं.

नाखवांनी बहिणीचं ऐकून घेतलं, तिला येतो म्हणाले, आणि लगेच कारखान्याचा नंबर फिरवला. मी शेजारी उभी होते.

"मशीनला हात लावू नका! ऐकताय ना? तसंच चालू ठेवा, मी निघतोय. आत आकडा आहे. वीज घालवू नका!"

पलीकडच्या माणसाचा आवाज आनंदी होता, मलासुद्धा ऐकू आला. "साहेब, टेन्शन घेऊ नका. आम्ही केव्हाच बंद करून चालू केलेलं. आता एकदम मस्त चाललंय."

नाखवांनी फोन ठेवला. मग स्कूटर काढून ते शीळफाट्याच्या रस्त्याने डोंबिवलीला गेले. मशीनकडे नाही, दवाखान्यात.

चौकशी बसली. निष्कर्ष असा निघाला: मशीनवर अलार्म नाही, पडद्यावर तापमान वाढल्याचं दिसलं नाही, म्हणजे तापमान वाढलंच नव्हतं. ऑपरेटरने घाबरून विनाकारण झडप उघडली. बाकीचे लोक तर त्याच्या ओरडण्यावरून पळाले होते, काटा कोणीच पाहिला नव्हता. जनार्दनची नोकरी गेली. शेवंती आमच्या ऑफिसात आली आणि सगळ्यांदेखत भावाला म्हणाली, "दादूस, तुजं मशीन बोललं नाय, म्हून माझ्या माणसाला खोटं पाडलं. तू तरी बोल."

ते बोलले. ऑफिसातल्या मशीनवर मेमरी संपवून त्यांनी अलार्म गळतो हे करून दाखवलं. चौकशीतल्या एका गृहस्थांनी नीट पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "हे तुमच्या ठाण्यात झालं. आमच्या डोंबिवलीत झालं, याला पुरावा काय?" पुरावा त्या आकड्यात होता आणि आकडा पुसला गेला होता. नाखवांनी अर्ज केले, युनियनकडे गेले, त्या गृहस्थांच्या घराबाहेरसुद्धा उभे राहिले. सबनीस साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं की कंपनीची बदनामी करायची असेल तर बाहेर जाऊन करा. ते बाहेर गेले.

पुढे ते कल्याणला एका खाजगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत. शून्य तपासलंस का, हे इतक्यांदा विचारत की मुलांनी त्यांना झीरो सर नाव ठेवलं. ते हसण्यावारी नेत. मुलं हुशार निघाली याचा अभिमान होता, पण तो मजला हादरवणारा आवाज काही परत आला नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या आजारपणात मी भेटायला गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ते म्हणाले, "बाई, दोष मला सापडला होता. अपघातानंतर आठवड्यात सापडला. क्षुल्लक होता हो, एका ओळीचा. पण त्याचं मला काही नाही. मी छापणं बंद करायला हो म्हटलं ना, ते खुपतं. आकडा मशीनच्या पोटात ठेवला. जे मशीन गप्प बसतं त्याच्याच पोटात. कागदावर असता तर कोणी बंद करून चालू केल्याने गेला नसता."

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत म्हणून जनार्दनने काटा पाहिला. सगळी माणसं वाचली."

"ते मी त्याला सांगतो, रोज. तो म्हणतो, मग माझं नाव का नाही वाचलं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

आमची कंपनी आता नाही. त्या कारखान्याचं नाव बदललं, मालक बदलले. मशीन भंगारात गेलं असेल. जनार्दन कोपरला मुलीकडे राहतो. चार वाक्यं बोलला की त्याला धाप लागते. चौकशीचा निकाल कोणी बदलला नाही. त्यात अपघाताचं कारण ऑपरेटरची चूक असं लिहिलं आहे, आणि ते अजून तसंच आहे.