बानगीची माती

आमच्याकडे मोंढ्यात माल नेताना पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवायची रीत आहे. तूर असो की ज्वारी, बानगी म्हणून मूठभर दाखवायची ती देखणीच. शेतकऱ्याला हे ठाऊक असतं, आडत्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो मुकाट्यानं पोत्याच्या बुडाशी हात घालतो. त्यात कुणी कुणाला फसवलं असं होत नाही. मातीचीही अशी बानगी दाखवतात, हे मात्र मला परभणीत माती तपासायच्या नोकरीला लागल्यावर कळलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात मराठवाडा पेटला होता, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. आग विझली तरी धग होतीच. आमचं गाव परभणीजवळच्या झरीच्या बाजूला. गावाच्या उताराला आमची बौद्ध वस्ती, वस्तीच्या कडेला आमची विहीर आणि विहिरीला लागून एक जुना खड्डा. मला जिनं वाढवलं ती माझी आत्या त्या वस्तीत राहायची. वस्तीला पाणी त्या एकाच विहिरीचं. गावातल्या विहिरीवर आम्ही गेलो असतो तर काय झालं असतं, ते सांगायची गरज नाही.

त्या साली गावाला दवाखाना मंजूर झाला. जागा निवडली कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगची. तिथं इंजिनाचं जळकं तेल वर्षानुवर्षं सांडलेलं, फवारणीच्या औषधाची पिंपं गळून गळून रिकामी झालेली. लोकांना बरं करायची इमारत बांधायला याहून आजारी जागा तालुक्यात सापडली नसती. इंजिनिअर नवा होता, म्हणून प्रामाणिक होता. त्यानं अट घातली, की पाया खोदताना निघालेली माती आधी तपासायची. चांगली निघाली तर जवळच्या कुठल्याही खड्ड्यात टाका, वाईट निघाली तर लांब माळावरच्या जुन्या खदानीत.

कामाचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, हा गावातल्या सगळ्यात मोठ्या मालकाचा मेहुणा; तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून गावही दाजीच म्हणायचं. खदानीपर्यंत ट्रॅक्टरच्या खेपा करायच्या म्हणजे त्याच्या जिवावर आलं. त्यानं मोंढ्याची रीत आठवली आणि दाजींच्याच शेतातली माती, त्यांना न सांगता, पिशवीत भरून पाठवली.

पिशवी माझ्याच टेबलावर आली. माती भुसभुशीत, आत तुरीची मुळं, आणि एक गांडूळ, बिचारं अजून वळवळत होतं. जिनिंगच्या तेलात गांडूळ कशाला नांदायला जाईल? मी पिशवी घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "आपण पिशवीतली माती तपासतो," ते म्हणाले. "पिशवी कुठून आली ते तपासायला पोलीस खातं आहे."

अहवाल गेला. माती कसदार, निर्धोक, पिकाला उत्तम. दाजींची तूर जिच्यात डोलत होती ती माती दुसरं काय निघणार? लगेच गावानं ठरवलं, की जिनिंगची माती वस्तीच्या खड्ड्यात टाकायची. वर आमच्यावर उपकार म्हणून.

मी सुट्टीला गावी गेलो तो थेट चावडीवर. ही माती ती नव्हेच, असं सांगून पाहिलं. दाजी म्हणाले, "तुझ्याच हाफिसाचा कागद हाय, पोरा. तूच खोटा म्हनायलास व्हय?" लोक हसले. मी शिकलेला माणूस, तोंडात मारल्यासारखा घरी आलो.

"आत्या, एका पावसात सगळं तेल हिरीत उतरंल," मी म्हणालो.

आत्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "कागदात काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"कसदार लिवलंय?" तिनं पुन्हा विचारलं. "उद्या हेच वाच चावडीवर, मोठ्यानं. बाकी तोंड उघडू नको."

दुसऱ्या दिवशी आत्या चावडीसमोर उभी राहिली. पदर डोक्यावर, हात जोडलेले. असा नाटकी नमस्कार मी तिला जन्मात करताना पाहिला नव्हता. "मालक, लय उपकार झाले," ती म्हणाली. "एवढी कसदार माती आमच्या दारात टाकायलाव. आमी यंदा तिथं वांगी लावताव, मिरच्या लावताव. वाच रे, समद्यायला कळू दे."

मी वाचलं. कसदार, निर्धोक, पिकाला उत्तम. चावडीवरच्या माना एकमेकांकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, "पुन्हा वाच." मी आनंदानं पुन्हा वाचलं.

सकाळी जिनिंगसमोर बैलगाड्यांची रांग लागली. सगळ्यात पुढं दाजींची गाडी. गुत्तेदाराचं धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय असं झालं. "दाजी, राहू द्या ना," तो कळवळून म्हणत होता. दाजी म्हणाले, "का? तुझं ट्रॅक्टरचं भाडं वाचायलंय ना?" कुणी म्हणालं वास येतोय, तर दुसऱ्यानं समजावलं, सरकारी खताला येतो तसाच आहे. मुळातली माती काळी, तेल मुरलं तरी तोंडावर दिसत नाही. नाकापेक्षा कागद खरा मानणारी अशी भाबडी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

"नाव द्यायला तयार न्हाईत," आत्या पाहत पाहत म्हणाली, "ते माती देतेत व्हय?"

पाऊस लागायच्या आत वस्तीतल्या बायाबापड्यांनी टोपल्यांनी मुरूम आणून तो खड्डा बुजवून टाकला. मीही सुट्टीत टोपल्या वाहिल्या.

त्या हंगामात दाजींचा कापूस ती माती टाकलेल्या पट्ट्यात पिवळा पडून बसला. आधी गावभर बोलणं उठलं, की वस्तीतल्यांनी काही केलं असेल. मग दाजी स्वतः पिशवी घेऊन परभणीला आले. या खेपेला माती खरी होती, पिशवी उघडताच खोलीभर तेलाचा वास सुटला. गावात मी "पोरा" होतो, इथं "साहेब" झालो. अहवालात मी स्वच्छ लिहिलं, की माती पिकाला घातक आहे, पाण्याजवळ टाकू नये. साहेबांनी सही केली, मान वर न करता.

दाजींनी कागद माझ्याकडून वाचून घेतला. नीट ऐकला. मग खुर्ची जवळ ओढून, आपल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाले, "साहेब, खरवडून काढतो. पन खदान लय लांब पडायली. तुमच्या हिरीपाशी तो खड्डा हाय ना, तिथं टाकली तर चालंल का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घातक हा शब्द अजून त्यांच्या कानात असेल, आणि त्यांना आठवली ती आमचीच विहीर.

"तो खड्डा राहिला नाही," मी म्हणालो. "आम्ही मुरूम टाकून बुजवला."

दाजींचा चेहरा उतरला. त्यांच्यावर मोठा अन्याय झाला होता.

"आं? कुनाला इचारून?"