खंडेनवमीची वायर

अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागं डोकावायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला कळंब्याला गेले, तेव्हाही पोहे येईपर्यंत त्यांनी यजमानांच्या वायरींचा गुंता सोडवून नीट बांधून ठेवला होता. सोयरीक जमली ती त्यामुळंच, असं ते छातीठोकपणे सांगत.

आमच्या हॉस्पिटलचं नेटवर्क त्यांच्या हातचं. स्विच, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांचे ते चपटे डबे, मजल्यामजल्यावर बसवलेले. निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती, पण हात रिकामे ठेवायची कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. मुदतवाढीचा अर्ज दिलेला होता. नेटवर्कमधला लूप म्हणजे काय, असं कुणी विचारलं की म्हणत, "ह्यानं त्याला सांगिटलं, त्यानं परत ह्यालाच सांगिटलं. दोघंबी थांबंनात, तर तिसऱ्याचं कोण ऐकणार?"

त्या खंडेनवमीला मी लॅबमधली यंत्रं पुसायला घेतली. माझी नोकरी हंगामी, कायम करायच्या यादीत नाव होतं, त्यामुळं उत्साह जरा जास्तच. टेबलाखालचा स्विच पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. एका वायरीचं टोक लोंबकळत होतं. सणासुदीला बरं दिसेना, म्हणून रिकाम्या भोकात खोचून टाकलं. तिचं दुसरं टोकही त्याच डब्यात आहे, हे मी पाहिलंच नाही. लूप झाला आणि दोन मिनिटांत साऱ्या इमारतीतले कॉम्प्युटर ठप्प झाले. रिपोर्ट अडकले आणि नर्सबाई हातात कागद घेऊन जिन्यावरून धावू लागल्या.

अण्णा आले, वाकले आणि ती वायर उपटली. मग फुलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मागून व्यवस्थापक गरजले, "कुणाचा उद्योग हा?"

"माझा," अण्णा म्हणाले. "वायर अशी परत फिरली तर स्विचनं ते भोक आपणहून बंद करायला पायजे. तसं सेटिंग असतंय. ह्या डब्यात मी ते घातलंच न्हवतं."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं, फक्त माझं नाव तेवढं गाळलेलं होतं.

मी रडू लागले, तर माझ्यावरच खेकसले. "आवर की! माणूस चुकणारच. चुकलं तरी निभावंल, असं काम करून ठेवायचं आपण." आठवडाभर मला शेजारी बसवून त्यांनी एकेक स्विच सेट करायला लावला. शेवटी मुद्दाम वायरीची दोन्ही टोकं तशीच एका डब्यात खोचायला सांगितली. तेवढं एक भोक बंद पडलं, बाकी हॉस्पिटल चालू राहिलं. अण्णा मनापासून हसले.

मी कायम झाले. अण्णांचा अर्ज मात्र त्या एका सकाळीपायी फेटाळला गेला.

निरोपाच्या जेवणात व्यवस्थापक हसत हसत म्हणाले, "वय झालं की व्हायच्याच अशा चुका." खरं काय ते सांगून टाकायला मी ताटावरून उठले. सगळे बघू लागले. अण्णांनी समोरच्या पंगतीतून डोळे वटारले. "बस खाली, पोरी. रस्सा गार हुतोय."

मी बसले. अण्णांनी सांगितलेलं मी आजवर सगळं ऐकलं आणि त्याचं चीज झालं. पण ते एक ऐकायला नको होतं.