पालथा चमचा

मावशीच्या घरात सगळ्यात जास्त बोलायचा तो चमचा. काका पलंगावर पडल्या पडल्या तो स्टीलच्या पेल्यावर आपटायचे. एकदा आपटला की पाणी, दोनदा आपटला की उशी, आणि टणटणाट थांबेचना की समजायचं, पान हवंय. पान म्हणजे जेवणाचं ताट. तेही पलंगावरच, आणि तोंड भाजणार नाही इतपत निवलेलं.

काका शिडीवरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. चालायला लागा, असं डॉक्टर केव्हाचे सांगत होते. पण पाय जमिनीला टेकला की काका असे विव्हळायचे की मावशीचं काळीज लकलकायचं. ती आधी समोरच्या शिवणाच्या दुकानात कटिंग करायची. खिडकीतून तिची खुर्ची दिसायची, रिकामी. मालकीणबाईंचा निरोप आला होता, महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते, मग दुसरी बाई बघते.

"खुशाल जा," काका म्हणाले. "मी गचकलो तर शेजारी कळवतीलच तुला."

मावशीने पायात घातलेल्या चपला काढल्या. मी तेव्हा मावशीकडेच राहायचे; माझं मात्र डोकं फिरलं. दाराला कुलूप नव्हतं, कडीसुद्धा नव्हती, तरी बाई कोंडलेली होती. काकांच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जायचं, एवढीच काय ती तिची मोकळी हवा.

त्या औषधवाल्याला हातचलाखीचा भारी नाद. गिऱ्हाइकाला पत्त्यांतलं पान ओढायला लावायचा आणि न बघता ओळखायचा. मावशीने त्याला एकदा रंगेहाथ पकडलं. काउंटरवर गोळ्यांचं चकचकीत पाकीट मुद्दाम उलटं ठेवलेलं असायचं.

"वहिनी, बोभाटा करू नका, तुम्हालाही शिकवतो," तो म्हणाला. "पान पालथंच परत घ्यायचं आणि सहज चकाकत्या वस्तूवरून न्यायचं. कोपरा दिसतोच. बघायचं, पण बघितलंय हे चेहऱ्यावर दाखवायचं नाही."

"ते येतं मला," मावशी म्हणाली. "संसार केलाय."

घरी काका तिला दिवसभर रमीला बसवायचे आणि हरवून हरवून टोमणे मारायचे. एका सकाळी तिने हळूच सांगून टाकलं, की मी तुमचं पान न बघता ओळखीन. काका खो खो हसले. "तुला साधी रमी लागत नाही! बरं, लागोपाठ तीनदा ओळख. ओळखलंस तर जा तुझ्या शिवणाला, मी हूं की चूं करणार नाही."

मग काय, मावशी हात धुऊन मागे लागली. स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसायची, समोर घासूनपुसून लखलखीत केलेला चमचा पालथा ठेवायची आणि त्याच्यावरून पानं फिरवायची. सुरुवातीला बदाम आणि चौकट यांत घोळ व्हायचा. हळूहळू हात बसला.

एका दुपारी मी शेजारी बसले होते. तिचा हात चमच्यावर थांबला तो थांबलाच. मी वळून बघणार, तेवढ्यात तिने मला कचकन चिमटा काढला. "मागे बघू नकोस. यात बघ."

चमच्याच्या फुगीर पाठीवर मागची मधली खोली इवलीशी होऊन दिसत होती. त्यात काका होते. उभे. काठी नाही, विव्हळणं नाही. टाचा उंचावून त्यांनी कपाटावरून बिस्किटांचा डबा काढला, दोन बिस्किटं तोंडात कोंबली, डबा जागेवर ठेवला आणि बिनबोभाट बाहेरच्या खोलीतल्या पलंगाकडे परत गेले. क्षणभराने पेला वाजला. टण्.

मावशी पाणी घेऊन गेली. परत आली आणि चमचा उचलून पुसायला लागली. "मी यांना रोज कुशीवर वळवते गं," एवढंच म्हणाली. मी तावातावाने उठले, तर तिने मला हाताला धरून खाली बसवलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिने पत्ते घेतले आणि पलंगाजवळच्या स्टुलावर काकांचा चमचा पालथा केला. पहिलं पान, किलवर सत्ती. बरोबर. दुसरं, बदाम राणी. बरोबर. काकांचं हसू मावळलं. तिसरं पान ओढलं आणि त्यांनी तो चमचा सहज हातात घेतला, नेहमीच्या सवयीने. स्टूल रिकामं. मावशीने रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, मग काकांकडे.

"इस्पिक गुलाम," तिने ठोकून दिलं.

"चौकट नव्वी! हरलीस!" काकांनी पेल्यावर चमच्याचा दणदणाट केला. "पैज संपली. चल, आता पान आण माझं."

मावशी उठली, दाराशी गेली, चपला घातल्या.

"वाढलंय," ती म्हणाली. "मधल्या खोलीत, कपाटावर. बिस्किटांच्या डब्याशेजारी."

चमचा वाजायचा थांबला. तिथवर मी जाऊ कसा, हे काकांनी विचारलं नाही.