नॉयचं सुखोथाई आणि माझी भिंत

परदेशात कॅसल हिलला लेकाकडे, मंदारकडे, तीन महिन्यांसाठी आले, करोनाने वर्षभर बसवून ठेवलं. विमानं बंद. मालक आधीच वर गेलेले, त्यांना कसला लॉकडाऊन! गावाला आमचं आणि दिराचं घर एका भिंतीला लागून. दिराला ती भिंत पाडून एकच घर करायचंय, स्वतःच्या नावावर. कागद मंदारकडे आलेला. “आई, रविवारी सही करून टाक,” तो म्हणाला.

रविवारी सकाळीच मी शेजारच्या नॉयच्या गाडीत बसून थाई देवळात पळाले. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणून आमचं जमतं.

रस्ता तासाभराचा, पार्किंग फुकट. दारात मास्क तपासतात, फोनवर कोड स्कॅन करावा लागतो. जेवण घेऊन अकराच्या आत पोचा, दुपारनंतर भिक्खू जेवत नाहीत. मी धपाटी नेली होती. बाईच्या हातून ते थेट घेत नाहीत, पुढे अंथरलेल्या फडक्यावर ठेवायचं. म्हटलं, चला, इथे सवाष्ण-विधवा एकाच फडक्यावर!

मग चटईवर आम्ही जेवलो. नॉय सुखोथाईची. तिने डबे मांडले. “आमच्याकडची जुनी राज्यं बघ. हे लवो, हे सुफान. दोन्ही घराणी सोयरीक करून एक झाली, त्यातून हे अयुथया. पण आधी मोठे आम्ही, सुखोथाई.”

“मग हरलात कसे?”

“आधी मांडलिक झालो. मग आमची मुलगी अयुथयाच्या राजाला दिली. तिचाच मुलगा आमच्यावर राज्य करायला आला.”

“म्हणजे भाचा! भाच्यावर तलवार कोण उपसणार?”

तिने छोट्या डब्यातला भात मोठ्यात ओतला, झाकण लावलं. “सुखोथाई फिनिश.”

“अगं, शेकडो वर्षं झाली, अजून तोंड पाडतेस?” मी चिडवलं.

“माझं गाव आहे ते,” ती म्हणाली. मी तो रिकामा छोटा डबा उचलून वेगळा ठेवला.

तीनला घरी आलो. मंदार पेन घेऊनच उभा. “आई, काकाच आहे ना? परका थोडाच आहे?”

“परका असता तर भांडता तरी आलं असतं. सही नाही करणार. पडलं तर पडू दे घर, माझ्या नावावर पडू दे.”

“फाइन,” म्हणाला आणि पेन खिशात टाकलं.

देऊळ सुंदर आहे, जरूर जा. मी मात्र काय घेऊन आले ते सांगते. त्या दिवसापासून लेक माझ्याशी इंग्रजीतच बोलतो, तेही कामापुरतं. मला सगळं समजतं. तरी दर वेळी मी “काय म्हणालास?” विचारते. तेवढाच दोनदा बोलतो.